पुन्हा प्रयत्न करा

ता. १, सोमवार

आज माझ्या टेबलावरून टंकलेखनाचं काम गेलं आणि टेलिफोन आला. साहेबांनी बोलावून सांगितलं, "आजपासून तुम्ही मदत कक्ष." मी विचारलं, कक्षात आणखी कोण कोण? म्हणाले, "तुम्हीच." म्हणजे एकतीस वर्षं मी टंकलेखक होतो, आता एकटाच अख्खा कक्ष झालो. निवृत्तीला चौदा महिने उरलेत. हिला सांगितलं तर म्हणाली, "घरात तोंड न उघडणारा माणूस आता दिवसभर लोकांशी बोलणार! मलाही द्या तो नंबर."

काम असं आहे. कालव्याकाठचा रस्ता रुंद होणार. त्यात कोणती घरं जाणार आणि कोणती राहणार, त्याचा आराखडा आज कार्यालयाच्या वेबसाइटवर टाकला. नकाशे धरून तीनशे बारा पानांची एकच फाइल. कागदावर छापायची नाही, असं वरून ठरलंय. ज्याला पाहायची असेल त्याने ब्राउझरमध्ये उघडावी किंवा डाउनलोड करून घ्यावी. हरकत घ्यायची मुदत तीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत. हरकत वेबसाइटवर द्या नाहीतर आवक खिडकीवर लेखी द्या, पण पाचनंतर घेणार नाहीत. ज्यांना फाइल उघडत नाही त्यांनी मला फोन करायचा.

साहेबांनी नऊ उपायांचा एक कागद दिला आणि एकच गोष्ट बजावली. उघडायला मदत करा, आत काय आहे ते सांगू नका. मी म्हटलं, साहेब, ती काळजीच नको. मी टाइप केलेलं काहीही आजवर वाचलेलं नाही. आमच्या टंकलेखनाच्या सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, नजर अक्षरावर ठेवायची, अर्थावर गेली की चूक होते आणि कार्यालयातली गोष्ट कार्यालयाबाहेर जाते. साहेब हसून म्हणाले, "म्हणून तर तुम्हाला निवडलं." बरं वाटलं.

ता. २, मंगळवार

अकरा फोन. कुणाला पांढरं कोरं पान दिसतं. कुणाचं ते चाक फिरतच राहतं. एकाचं डाउनलोड नव्वद टक्क्यांवर जाऊन थांबलं. एक बाई म्हणाल्या, फाइल आली, पण तिच्यावर बोट ठेवलं की 'ही फाइल खराब आहे' असं येतं.

मी लगेच माझ्या मशीनवर उघडून पाहिली. चुटकीसरशी उघडली. शेवटपर्यंत सरकवत नेली, तीनशे बारा पानं बरोबर भरली. म्हणजे आपली फाइल ठणठणीत आहे, दोष पलीकडच्या बाजूला. सगळ्यांना क्रमाने उपाय सांगितले. पान ताजं करा. नव्या खिडकीला परवानगी द्या. ब्राउझरची जुनी साठवण पुसा. दुसऱ्या ब्राउझरमधून बघा. डाउनलोडचा फोल्डर तपासा. फोनमध्ये जागा करा. फाइल वाचणारं अ‍ॅप घाला. फोन बंद करून चालू करा. नववा उपाय, पुन्हा प्रयत्न करा.

फोन करणाऱ्या प्रत्येकाची नोंद मी वहीत ठेवायला लागलो आहे. नंबर, अडचण, सांगितलेला उपाय. हे कुणी सांगितलेलं नाही, पण काम व्यवस्थित असावं.

ता. ४, गुरुवार

एका शिलाईवाल्या बाईंचा फोन आला. कालव्याच्या तिसऱ्या गल्लीत राहतात, पुढच्या खोलीत मशीन आणि मागच्या खोलीत बिऱ्हाड. बोलताना मशीनचा आवाज येत होता, मग त्यांनी पाय थांबवला.

"भाऊ, मला एवढंच बघायचंय, माझं घर त्यात आहे का नाही. असलं तर अर्ज करायला पाहिजे ना वेळेत?"

मी म्हटलं, "ताई, अगदी बरोबर. आपण उघडूया ती फाइल."

चाळीस मिनिटं लागली. बाई हुशार. जे सांगितलं ते आधी लिहून घेतात, मग करतात. सहाव्या उपायापर्यंत आलो. तिथे कळलं की फोनमध्ये जागाच नाही. "उद्या जागा करते," म्हणाल्या. घर म्हणजे काही मोठं नाही, पण गिऱ्हाईक त्या दाराला ओळखतं, दुसरीकडे गेलं की धंदा शून्यापासून, असं त्या आपणहून सांगत होत्या. मी ऐकून घेतलं. मदत कक्षाने ऐकूनही घ्यायला हवं, असं मला वाटतं.

ता. ९, मंगळवार

शिलाईवाल्या ताई रोज दहा वाजता फोन करतात. आज आनंदाने म्हणाल्या, "भाऊ, जागा झाली. सातशे फोटो पुसले." मी शाबासकी दिली. लोकांच्या फोनमध्ये किती केरकचरा साठलेला असतो! फाइल मात्र नाही उघडली. या वेळी पंचाण्णव टक्क्यांपर्यंत गेली, म्हणजे प्रगती आहे. नववा उपाय सांगितला.

"माझ्याच हाताला काहीतरी जमत नाहीये," त्या म्हणाल्या. मी धीर दिला की जमेल, घाई करू नका.

ता. ११, गुरुवार

फोन वाढलेत, आज सत्तावीस. म्हणून संगणक विभागात गेलो. तिथे एक मिशाळ गृहस्थ आहेत, दिवसभर वायरींच्या जंजाळात बसलेले, सगळे त्यांना 'गुंता' म्हणतात. त्यांच्या तोंडावरही म्हणतात. त्यांना वही दाखवली. त्यांनी दोन पानं उलटली आणि चष्मा काढला.

"अहो, ही फाइल सहाशे चाळीस एमबीची आहे. नकाशे भल्यामोठ्या आकारात तसेच घातलेत. आणि आपला सर्व्हर दर दहा मिनिटांनी जोडणी तोडतो. तुटली की माणूस पुन्हा शून्यावर. साध्या फोनवर ती कधीच पुरी उतरायची नाही."

"माझ्याकडे तर लगेच उघडते."

"तुमच्याकडे उघडणारच. ती याच इमारतीतल्या मशीनवर आहे. तुम्ही घरातल्या घरात हाक मारताय, बाहेरच्यांना डोंगरापलीकडून मारावी लागते."

मग उपाय काय? म्हणाले, नकाशे हलके करून बारा तुकडे करायचे, दोन तासांचं काम आहे, साहेबांची सही हवी. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मी ती साहेबांना नेऊन दिली. साहेबांनी वाचली, काचेच्या गोळ्याखाली ठेवली आणि म्हणाले, "ठेवा. बघतो." त्यांच्या टेबलावर किती कागद असतात हे मी एकतीस वर्षं पाहतो आहे. एक-दोन दिवस जाणारच.

ता. १२, शुक्रवार

हिच्याशी वाजलं. जेवताना सहज शिलाईवाल्या ताईंचं सांगितलं, तर ही म्हणते, "तुमच्याकडे उघडते ना ती?"

"उघडते."

"मग बघून सांगा की त्यांना, घर आहे का नाही ते. एका मिनिटाचं काम."

मी म्हटलं, मजकूर सांगणं माझ्या कामात बसत नाही. उद्या एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगावं लागेल. आणि मी टंकलेखक माणूस, वाचणं माझ्या अंगवळणीच नाही.

"वर्तमानपत्र वाचता तेवढं," ही म्हणाली आणि ताट उचलून गेली. संसाराला बत्तीस वर्षं झाली, पण माझ्या कामातली अब्रू म्हणजे काय ते हिला समजत नाही. नीट झोप लागली नाही. अर्थात पित्तामुळेही असेल.

ता. १७, बुधवार

आज साहेबांनी केबिनमध्ये बसवून चहा पाजला. माझ्या कामावर खूश आहेत. फाइलचं डाउनलोड किती झालं ते वेबसाइट आपोआप मोजते, तो आकडा मी रोज संध्याकाळी त्यांना लिहून देतो. आज एक हजार नऊशे बारा झाला. शेजारच्या विभागाची फाइल महिनाभरात दोनशेच्या वर गेली नव्हती.

साहेबांनी विचारलं, "यात अर्धवट राहिलेलीही धरतात ना?"

मी म्हटलं, बटण दाबलं की एक धरतात. पुरं झालं की नाही ते मशीनला कळत नाही.

"छान. हा आकडा फार कामाचा आहे," साहेब म्हणाले. "लोकांना सांगत राहा, प्रयत्न सोडू नका म्हणून."

मी तेच सांगतोय. आता प्रत्येकाला दिवसातून निदान तीनदा प्रयत्न करायला सांगतो. निघताना गुंत्यांच्या चिठ्ठीची आठवण केली. साहेब म्हणाले, "आहे लक्षात."

ता. १९, शुक्रवार

बऱ्याच दिवसांनी बोटांना त्यांचं काम मिळालं. साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली दोन पानांची टिपणी टाइप करायला दिली, वर पाठवायची आहे. एकही चूक नाही. साहेबांचं अक्षर मुंगळे पळाल्यासारखं, पण माझी नजर सरावलेली. आकडे मात्र मी नेहमीप्रमाणे दोनदा पडताळले. खाली तारखेची जागा रिकामी ठेवायला सांगितली आहे, "तीसनंतर घालू" म्हणाले. डाउनलोडच्या आकड्याची जागाही कोरी सोडलीय, तोही तेव्हाच घालायचा आहे. म्हणजे साहेब काम वेळेआधीच तयार ठेवतात. नव्या लोकांनी हे शिकण्यासारखं आहे.

ता. २४, बुधवार

आजचा दिवस चांगला गेला नाही. एक निवृत्त ट्रकड्रायव्हर आहेत, त्यांचा हा नववा फोन. आज फाडफाड बोलले.

"तुमचे नऊ उपाय मला पाठ झालेत हो! मी तीन फोनवर केले. जावयाच्या कॉम्प्युटरवर केले. दुकानात जाऊन केले. आता दहावा सांगा, नाहीतर फोन कशाला ठेवलाय ते सांगा!"

मी शांतपणे म्हटलं, "काका, पुन्हा एकदा प्रयत्न करा."

ते म्हणाले, "तुम्हाला घर आहे का?" आणि फोन ठेवून दिला.

हे वाक्य दिवसभर डोक्यात घोळत राहिलं. वही काढून मोजलं. तीनशे सहा फोन, त्र्याऐंशी माणसं. 'उघडली' असा शेरा कुठेच नाही. आतापर्यंत मी रोजचं पान लिहीत होतो, मागे उलटून कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी धीर करून साहेबांकडे गेलो. चिठ्ठी अजून त्याच गोळ्याखाली होती. साहेब फार आपुलकीने बोलले. म्हणाले, "सहाच दिवस राहिलेत. सांभाळून घ्या. मग हा कक्षच बंद करतो, तुमची शिव्या खाण्यातून सुटका." माझी काळजी करतात हे खरं, पण मी त्यासाठी गेलो नव्हतो.

ता. २६, शुक्रवार

शिलाईवाल्या ताईंचा दोन दिवस फोन नाही. दहा वाजले की माझी नजर फोनकडे जाते. शेवटी मीच लावला.

"उघडली का हो, ताई?"

"नाही. तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा? तुम्ही बिचारे एवढं समजावून सांगता आणि मला येत नाही. लाज वाटायला लागली."

रविवारी येऊन बघतो असं तोंडातून निघून गेलं. घरी सांगितल्यावर हिने माझा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

ता. २८, रविवार

जाऊन आलो. जे झालं ते झालं तसं लिहितो.

कालव्याला समांतर चार गल्ल्या आहेत, एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. ताईंचं दार निळं, वर पाटी नाही, पण बाहेर दोरीवर अस्तरं वाळत होती. आत मशीन खिडकीपाशी. बसायला एकच खुर्ची, ती मला दिली आणि स्वतः कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या. पासष्टीच्या असतील. मी आवाजावरून चाळिशीच्या धरून चाललो होतो.

त्यांनी आधी वही पुढे केली. माझे नऊच्या नऊ उपाय सुवाच्य अक्षरात लिहिलेले. समोर रोजच्या तारखा आणि प्रत्येक उपायापुढे बरोबरची खूण. आधी रोज एकदा, सतरा तारखेपासून दिवसातून तीनदा. एकही दिवस चुकवलेला नव्हता. चारशेच्या वर खुणा असतील.

मी फोन मागून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती फाइल कार्यालयाबाहेरून उघडायला बसलो. पान ताजं केलं. खिडकीला परवानगी दिली. साठवण पुसली. दुसरा ब्राउझर घातला. डाउनलोड दाबलं. दोघंही त्या निळ्या पट्टीकडे बघत होतो. दहाव्या मिनिटाला एकोणसत्तर टक्क्यांवर ती थांबली आणि पुन्हा शून्य झाली. मी परत दाबलं. एकाहत्तर, शून्य. तिसऱ्यांदा दाबलं. वेबसाइटवरचा आकडा आत्ता तीनने वाढला, हेही त्याच वेळी डोक्यात आलं.

"जागा पुरत नसेल का?" ताईंनी विचारलं. "आता तर काहीच उरलं नाहीये पुसायला."

मी विचारलं, "काय होतं त्यात?"

"ह्यांचे फोटो. दुकानातले, मग दवाखान्यातले. दुसरीकडे कुठे ठेवायचे ते मला माहीत नव्हतं." मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाल्या, "अहो, चेहरा पाठ आहे माझा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

दोन तास बसलो. नऊही उपाय तीनदा केले. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हालाही नाही आली ना? मग मला थोडं बरं वाटतंय. म्हणजे चूक माझी नव्हती."

मी मान हलवली आणि चालू लागलो. घरापर्यंत चालत आलो, वाटेत बसही मिळत होती. हिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, मी गाढव आहे. नेहमी ही अशा वेळी काहीतरी टोला देते. आज नुसतं पाणी आणून दिलं.

ता. २९, सोमवार

साडेनऊला जाऊन बसलो. फाइल उघडली. उघडलीच, एका सेकंदात. आणि मी वाचायला सुरुवात केली.

नजर सारखी अक्षरावर जात होती, अर्थ निसटत होता. एक-एक ओळ बोट ठेवून वाचली, पहिलीतल्या मुलासारखी. पान एकशे सत्त्याऐंशीपासून पाडायच्या घरांची यादी. दोनशे चौदा घरं. तिसरी गल्ली पान एकशे त्र्याण्णववर. निळ्या दाराचं घर त्यात आहे. वापर, 'राहणे व शिवणकाम'. शेरा, 'संपूर्ण'. ड्रायव्हरकाकांचं अर्धं.

मग कपाट उघडून एकोणीस तारखेच्या टिपणीची प्रत काढली. माझीच बोटं, माझाच नीटनेटका समास. तीही वाचली. 'आराखडा नागरिकांनी एकूण ______ वेळा डाउनलोड करून पाहिला असून विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झालेली नाही. सबब नागरिकांची संमती आहे असे समजण्यास प्रत्यवाय नसावा.' आकडे मी दोनदा पडताळले होते. मधले शब्द माझ्या बोटांखालून गेले होते आणि मला कळलंही नव्हतं.

माझे फोन, माझे उपाय, दिवसातून तीनदा. तो आकडा मीच मोठा केला. ताईंच्या वहीतली प्रत्येक खूण त्यात आहे.

मला भीती वाटली, हे इथे तरी खरं लिहितो. चौदा महिने. पेन्शनचे कागद साहेबांच्याच सहीने जातात. एकदा मनात आलं, फक्त ताईंना सांगावं, हळू आवाजात, कुणाला कळणार नाही. तसं करायला फोन उचललाही.

ताई म्हणाल्या, "उघडली? उघडली एकदाची! बघा, मी म्हणत नव्हते, तुम्ही सोडणार नाही म्हणून."

मी त्यांना यादीतली ओळ वाचून दाखवली. त्या 'संपूर्ण' हा शब्द स्वतःशी म्हणाल्या. मग विचारलं, "उद्या पाचपर्यंत ना?" मी म्हटलं, हो, आवक खिडकी, हाताने लिहिलेलं चालेल, पोच घ्या. "कालपासून खपत होतात वाटतं यासाठी," त्या म्हणाल्या. मी हो म्हणालो. ते खोटं होतं.

फोन ठेवला तेव्हा वही समोरच उघडी होती. त्र्याऐंशी नंबर. एकीलाच सांगून बाकीच्या ब्याऐंशी जणांना पुन्हा प्रयत्न करा म्हणणं मला जमेना. पहिल्या नंबरापासून सुरुवात केली. गल्ली विचारायची, पान काढायचं, ओळ वाचायची, खिडकीची वेळ सांगायची. चार वाजेपर्यंत घसा बसला. ड्रायव्हरकाका म्हणाले, "हा तुमचा दहावा उपाय काय?" मी म्हटलं, हो.

साडेचारला साहेब दारात उभे होते, किती वेळ ते माहीत नाही.

"तुम्ही वाचून दाखवताय?"

"हो साहेब."

"तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"मजकूर सांगायचा नाही म्हणून."

"मग?"

मी म्हटलं, "साहेब, बाहेरून ती उघडत नाही. मी स्वतः जाऊन पाहिलं." साहेबांनी पुढे येऊन फोनची वायर भिंतीतून काढली आणि गुंडाळून नेली. आवाजही चढवला नाही. पंचवीस माणसं राहिली होती.

वही खिशात घालून घरी आलो. राहिलेले पंचवीस फोन आमच्या स्वयंपाकघरातून केले. यादी मी उतरवून आणली नव्हती, त्यामुळे सगळ्यांना एवढंच सांगितलं की घर यादीत आहे का ते मला आठवत नाही, असेल असं धरूनच हरकत द्या. ही शेजारी बसून नंबर सांगत होती.

ता. ३०, मंगळवार

आवक खिडकीवर सकाळपासून रांग. आवक कारकून मला म्हणाला, "एका दिवसात एवढे कागद मी जन्मात घेतले नाहीत." मला टेबल सोडून जायची मनाई होती, पण माझ्या खुर्चीतून खिडकी दिसते. काहींच्या हातात टाइप केलेले कागद, बहुतेकांचे हाताने लिहिलेले. काही जण आलेच नाहीत. ज्यांनी कधी फोनच केला नाही, त्यांना सांगायला कुणी नव्हतंच.

दुपारी गुंता येऊन गेले. हळूच म्हणाले, सर्व्हरमध्ये प्रत्येक अर्धवट डाउनलोडची नोंद राहते, पुरी झालेली बाहेरची डाउनलोडं फक्त चार. तो कागद त्यांनी काढला आणि आवक खिडकीवर स्वतः सही करून नोंदवला, ओळीत उभं राहून. मनाई असूनही मी उठलो आणि माझी वही तशीच नोंदवली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलो.

ताई चार वाजता आल्या. दोन पानी अर्ज, शिवणीसारख्या सरळ ओळी. पाचला खिडकी बंद झाली. एकूण एकसष्ट हरकती.

ता. ३, शुक्रवार

माझी बदली तळघरातल्या अभिलेखागारात. कारण लिहिलं आहे, 'प्रशासकीय'. या वेळी आदेश पूर्ण वाचला. हरकती आल्यामुळे टिपणी वर गेलेली नाही, सुनावणी पुढच्या महिन्यात लागली आहे. तिथे काय होईल ते कुणीच सांगू शकत नाही. गुंता म्हणतात घरं वाचतील, पण त्यांचा स्वभावच तसा आहे. मला वाटतं काही वाचतील आणि काही जातील.

दुपारी ताई सुनावणीची नोटीस घ्यायला आल्या होत्या. मला शोधत तळघरापर्यंत उतरल्या. गुडघे दुखतात त्यांचे, जिना उतरल्यावर भिंतीला धरून थोड्या थांबल्या. चेहऱ्यावर हसू होतं.

"भाऊ, एक विचारायचं राहिलं. तुम्ही शेवटी ती उघडलीत कशी? मला दाखवून ठेवा. सुनावणीची कागदपत्रं पण त्याच वेबसाइटवर येणार म्हणे. तेव्हा मला जमलं पाहिजे."

मला सांगता आलं असतं की गुंत्यांनी दुरुस्त केली. त्यांनी ते मानलंही असतं.

मी म्हटलं, "ताई, माझ्याकडे ती उघडतच होती."

"रविवारनंतर ना?"

"नाही. पहिल्या दिवसापासून."

त्यांना लगेच कळलं नाही. मग कळलं, ते मला दिसलं. नोटिशीची घडी त्यांनी आणखी एकदा घातली, आणि आणखी एकदा. मी वाट बघत होतो की त्या चिडतील. चिडल्या असत्या तर मला ऐकून घेता आलं असतं.

त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, आपण दोघंही शोधतोय."

मग भिंतीला धरून जिना चढून गेल्या.